न वापरता इंजिन बिघडतं कसं?

प्रश्न : वसईला आमची वाडी आहे, केळी, थोडी फुलझाडं. वडिलांनी घेतलेला छोटा पेट्रोलचा पॉवर विडर ऑक्टोबरपर्यंत ठणठणीत चालत होता. पुसून, झाकून पडवीत ठेवला. जूनमध्ये दोरी ओढून ओढून खांदा भरून आला, पण यंत्र ढिम्म. वापरलं तर झिजतं, हे समजतं. नुसतं ठेवून कसं बिघडलं?
– एक वाचक, बोरिवली (पश्चिम)

उत्तर : बिघडलं ते बहुधा पेट्रोल. इंजिन बिचारं ऑक्टोबरात होतं तसंच असणार.

पेट्रोल म्हणजे अनेक द्रवांचं मिश्रण. त्यातले सगळ्यात हलके भाग चटकन वाफ होतात आणि थंड इंजिन पहिल्या ओढीला पेटतं ते त्यांच्याच जोरावर. टाकीच्या झाकणाला हवेसाठी बारीक भोक असतं. महिन्या-दोन महिन्यांत हे हलके भाग तिथून निघून जातात. मागे उरलेल्या जड भागांवर हवेतल्या ऑक्सिजनचा परिणाम होऊन चिकट, पिवळसर राळ तयार होते. कार्बोरेटरच्या तळाशी जो बाऊल असतो त्यात काही चमचेच पेट्रोल मावतं, त्यामुळे ते सगळ्यात आधी खराब होतं. आणि पेट्रोल जिथून वर चढतं ती भोकं किती मोठी? अशा इंजिनात मेन जेटचं भोक पाऊण मिलिमीटरच्या आसपास, स्लो जेटचं त्याच्या निम्मं. त्यावर राळेचा नुसता पापुद्रा धरला तरी पुरे. मेकॅनिक ज्याला ‘कचरा आला’ म्हणतात तो पुष्कळदा बाहेरून आलेला नसतोच, बाऊलमध्येच तयार झालेला असतो.

आता त्यात इथेनॉलची भर पडली आहे. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे पथदर्शी प्रयोग आपल्याकडे २००१ साली झाले, त्यातली दोन ठिकाणं महाराष्ट्रातलीच, मिरज आणि मनमाड. २०२२च्या मध्याला हे प्रमाण देशभर सरासरी १० टक्क्यांवर पोचलं, आणि आज पंपावर २० टक्क्यांचं पेट्रोल मिळतं. उसाच्या मळीतून निघालेला माल अशा रीतीने तुमच्या वाडीत परत आला, यात ऊसकरी शेतकऱ्याला आनंद असेल. जुन्या कार्बोरेटरला नाही. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाशी बसतात. इंधनाची नळी निघते ती तळातूनच. म्हणजे टाकी अर्धी भरलेली दिसते आणि इंजिनाला मिळतं ते पाणी मिसळलेलं अल्कोहोल. शिवाय जुन्या रबरी नळ्या आणि वॉशर इथेनॉलने फुगतात, मऊ पडतात, आणि जस्ताच्या ओतीव कार्बोरेटरवर आतून पांढरी भुकटी धरते. मुंबई-वसईच्या खाऱ्या, दमट हवेत हे सगळं नाशिक-सोलापूरपेक्षा लवकर घडतं.

दुसरा संशयित म्हणजे करंट. तुमच्या वडिलांचं यंत्र बरंच जुनं असेल, तर फ्लायव्हीलखाली सीबी पॉइंट, म्हणजे करंट जोडणारी-तोडणारी दोन टोकं, असतील. त्या दोन टोकांवर ओलाव्याने काळपट थर धरतो आणि करंट तुटतो. दोन्ही टोकांमध्ये जुनं व्हिजिटिंग कार्ड घालून चार वेळा ओढलं तरी बरेचदा काम होतं. पॉइंटची गॅप अशा इंजिनांत ०.३ ते ०.४ मिलिमीटर ठेवतात. प्लगची त्याच्या जवळपास दुप्पट. नव्या इंजिनांत पॉइंटच नसतात, कॉइल असते. तिच्या पत्र्यांवर आणि फ्लायव्हीलच्या चुंबकावर गंज धरला असेल, तर पॉलिशपेपरने घासून घ्यावा. आणि हो, क्रँककेसमधल्या तेलाची पातळी पाहा. अनेक इंजिनांत तेल कमी असलं की करंट आपोआप बंद करणारी सोय असते. नुसतं तेल घातल्यावर सुरू झाली असती अशी इंजिनं ‘कॉइल गेली’ म्हणून दुकानात पोचतात.

तिसरा संशयित म्हणजे झडपा (वॉल्व्ह). बंद करताना इंजिन जिथे थांबेल तिथे एखादा वॉल्व्ह उघडा राहू शकतो. मग सायलेन्सरमधून दमट हवा थेट सिलिंडरात जाते, वॉल्व्हच्या बैठकीवर गंज चढतो आणि रिंगा चिकटतात. दोरी ओढताना हाताला अडथळा जाणवलाच नाही, तर कॉम्प्रेशन गेलं समजा.

पण या क्रमाने शोधत बसू नका. आधी प्लग काढून त्याचं टोक पाहा. चोक लावून पाच-सहा वेळा दोरी ओढल्यानंतरही ते कोरडं असेल, तर पेट्रोल पोचत नाही. ओलं असेल, तर पेट्रोल पोचतंय, पेटत नाही. इथे खूप माणसं चुकतात : प्लग ओला दिसला की पुसतात, पुन्हा लावतात आणि तासभर ओढत बसतात. ओल्या प्लगनंतर पाहायचा तो करंट. प्लगला कॅप लावून त्याचा आटा इंजिनाच्या धातूला टेकवा, सावलीत उभं राहून दोरी ओढा, निळी ठिणगी दिसली पाहिजे. हे करताना आसपास सांडलेलं पेट्रोल नको आणि प्लगचं भोक चिंधीने झाकलेलं असावं. प्लग कोरडा असेल, तर त्याच भोकातून चमचाभर ताजं पेट्रोल घालून प्लग लावून ओढा. दोन-चार ठोके देऊन बंद पडलं की निदान पक्कं, कार्बोरेटर.

कार्बोरेटर उघडणं अवघड नाही. खालचा बाऊल एका बोल्टवर असतो. जेट काढताना बरोबर मापाचा पेचकस घ्या, पितळ मऊ असतं. जेटमध्ये सुई किंवा टाचणी घालू नका. भोक केसभर मोठं झालं, तर इंजिन कायमचं काळा धूर सोडेल. वायरमधला तांब्याचा एक बारीक तंतू, कार्ब क्लीनर आणि पंक्चरवाल्याकडची हवा, एवढं पुरतं. दुकानदार पहिल्याच भेटीत ‘कार्बोरेटर बदला’ म्हणाला, तर थोडं थांबा. जुना कार्बोरेटर साफ होतो. त्याच्या जागी येणारा स्वस्त नवा कार्बोरेटर तुमच्या इंजिनाच्या जेटच्या मापाचा असेलच असं नाही.

एअर फिल्टर आणि सायलेन्सरही पाहून घ्या. वाडीवर ठेवलेल्या यंत्रात कुंभारमाशी मातीचं घर करते, आणि इंजिनाच्या पत्र्याखाली, थंड करणाऱ्या पंख्याजवळ, उंदीर गवत भरतात. इंजिन सुरू होतं, पण दहा मिनिटांत तापून बसतं, ते यामुळे.

यंदा ठेवताना टाकी रिकामी करा, इंजिन आपणहून बंद पडेपर्यंत चालवा. तेवढ्यावर थांबू नका, कारण बाऊलच्या तळाशी थोडं पेट्रोल राहतंच. खालचा ड्रेनचा स्क्रू सैल करून तेही सोडा. तेल गरम असतानाच बदला. प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल घाला, दोरी दोनदा हळू ओढून ते पसरू द्या आणि प्लग लावा. मग दोरी परत हळूच ओढा, हाताला अडथळा लागेल तिथे सोडा. त्या जागी दोन्ही वॉल्व्ह बंद असतात. हे शेवटचं काम अर्ध्या मिनिटाचं आहे आणि जवळपास कोणीच करत नाही.

प्रश्न : आमच्या मामांकडे विहिरीवरचं जुनं रॉकेल इंजिन आहे. ते पेट्रोलवर सुरू करून मग रॉकेलवर घ्यायचे. सरळ रॉकेलवरच का सुरू होत नसे? आणि आता रॉकेल मिळत नाही, तर ते नुसत्या पेट्रोलवर चालेल का?
– एक वाचक, मुलुंड (पूर्व)

उत्तर : ठिणगीने पेटतो तो द्रव नसतो, त्याची वाफ असते. पेट्रोलची पेटण्याजोगी वाफ शून्याखाली चाळीसेक अंशांनाही तयार होते. रॉकेलला त्यासाठी साधारण ३५ ते ४० अंश लागतात, आणि इंजिनात धावत्या हवेत नीट मिसळायला त्याहून बरेच जास्त. मुंबईतल्या मे महिन्यातही थंड इंजिन तेवढं गरम नसतं. म्हणून छोट्या टाकीतल्या पेट्रोलवर सुरू करायचं, सिलिंडर तापला की कॉक फिरवून मोठ्या टाकीतलं रॉकेल द्यायचं. जाणकार माणसं बंद करायच्या आधी कॉक पुन्हा पेट्रोलवर फिरवत आणि मिनिटभर चालवत, म्हणजे दुसऱ्या दिवशी बाऊलमध्ये पेट्रोल तयार.

नुसत्या पेट्रोलवर ते चालेल. रॉकेल कमी दाबालाच ठोकायला लागतं, म्हणून या इंजिनांचं कॉम्प्रेशन मुद्दाम कमी ठेवलेलं असतं. त्यामुळे पेट्रोलवर ते खडखड न करता चालेल, पण नव्या इंजिनापेक्षा पेट्रोल जास्त पिईल. मिश्रणाचा स्क्रू नव्याने लावून घ्यावा लागेल. सगळ्यात आधी तेल बदला. न जळलेलं रॉकेल रिंगांवरून उतरून क्रँककेसमध्ये जातं आणि तेल पातळ करतं. डिपस्टिकवर तेलाची पातळी वाढलेली दिसली तर ते तेल नव्हेच, रॉकेल आहे. पॉवर टिलरचं डिझेल इंजिन मात्र वेगळ्या जातीचं. तिथे प्लगच नाही, करंटही नाही. महिनोनमहिने ठेवून ते सुरू होत नसेल, तर नळीतली एअर काढणं आणि नोझल पाहणं, तेवढंच.

प्रश्न : कांदिवलीत ट्रॅक्टर बनायचे असं आजोबा सांगत. मुंबईत ट्रॅक्टर? कशाला?
– एक विद्यार्थिनी, अंधेरी (पूर्व)

उत्तर : आजोबांचं खरं आहे. १९६३ साली महिंद्रा अँड महिंद्रा, अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी मिळून इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया काढली. तिचा बी-२७५ हा ट्रॅक्टर ब्रिटनमधल्या मॉडेलवरून घेतलेला, चार सिलिंडरचा, सुमारे ३५ अश्वशक्तीचा. कांदिवलीच्या आकुर्ली रोडवरच्या कारखान्यातून निघालेले ट्रॅक्टर पंजाबपर्यंत जात. १९७७ मध्ये ही कंपनी महिंद्रात विलीन झाली आणि २००३ मध्ये महिंद्राच्या ट्रॅक्टर विभागाला गुणवत्तेसाठीचा जपानचा डेमिंग पुरस्कार मिळाला. कशाला म्हणशील, तर बंदर जवळ, रेल्वे जवळ, आणि तेव्हाच्या उपनगरात फिटर, टर्नर, मोल्डर हाकेच्या अंतरावर. बागेतला छोटा ट्रॅक्टर ही पुढची गोष्ट. आपल्याकडे तो हिरवळ कापायला आलाच नाही, द्राक्षाच्या दोन ओळींमधून जायला आला. महिंद्राचा एका सिलिंडरचा, १५ अश्वशक्तीचा युवराज त्याच कामासाठी, पण तो बनतो राजकोटला.

प्रश्न : जुन्या ग्रास कटरचं इंजिन दुरुस्त करावं की भंगारात द्यावं? दुकानदार म्हणतो, या मॉडेलचे पार्ट येत नाहीत.
– एक वाचक, घाटकोपर (पश्चिम)

उत्तर : ‘मॉडेलचे पार्ट’ येत नसतील. पण छोट्या इंजिनात निम्मे पार्ट कोणत्याच मॉडेलचे नसतात. बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो. ६२०५ असेल, तर आतलं भोक २५ मिलिमीटर, बाहेरचा व्यास ५२, रुंदी १५. जगात कुठेही तेच माप. शेवटच्या दोन आकड्यांना पाचने गुणलं की आतलं माप मिळतं, ही युक्ती ०४ पासून पुढे चालते. ऑइल सीलवर तीन आकडे असतात : आतला व्यास, बाहेरचा, जाडी. बेल्टवर ए-३८ लिहिलेलं असेल, तर ए जातीचा, आतून ३८ इंची. हे तिन्ही आकडे कागदावर लिहून नागदेवी स्ट्रीटला जा. दुकानदार यंत्राचं नाव विचारणारही नाही. जुना पार्ट हातात घेऊन गेलात तर आणखी बरं, झिजलेल्या सीलवरचे आकडे पुसलेले असतात आणि मग तिथला माणूस कॅलिपर लावून देतो.

सिलिंडर झिजला असेल, तर बोर करून ओव्हरसाइज पिस्टन बसवता येतो, पिस्टन मिळत असेल तरच. आधी पिस्टन शोधायचा, मग बोर करायचा. उलट केलं तर साकीनाक्याच्या लेथवरचे पैसे वाया. वॉल्व्ह घासून बसवणं घरीही जमतं. ग्राइंडिंग पेस्टची डबी, तळाला रबरी चोषक असलेली काठी आणि संयम. हे सगळं धुवायला पेट्रोल वापरू नका, डिझेल वापरा, आणि सोसायटीच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये तर अजिबात नको. तिथे एखादी स्कूटर नुकतीच येऊन थांबलेली असते. सेक्रेटरींचं ऐकावं लागेल ते वेगळंच.

इंजिन टू स्ट्रोक असेल, तर एक गोष्ट आधी पाहा. पेट्रोलमध्ये तेल किती घालता? ५०:१ लिहिलेलं असेल, तर लिटरला २० मिलिलिटर. २५:१ असेल, तर ४०. ‘थोडं जास्त बरं’ म्हणून घातलेलं तेल सायलेन्सरच्या तोंडात कोळसा होऊन बसतं आणि इंजिनाला जोर येत नाही. सायलेन्सर काढून ते भोक खरवडलं की पार्ट न बदलताच पुष्कळ इंजिनं जागेवर येतात.

क्रँक वाकला असेल किंवा ब्लॉकला तडा असेल, तर मात्र हट्ट करू नका, भंगारात द्या. देण्याआधी कार्बोरेटर, कॉइल, फ्लायव्हील आणि दोरीचं असेंब्ली काढून ठेवा. भंगारवाला त्यांचे वजनापुरतेच पैसे देईल. तुमच्यासारखंच इंजिन असलेला दुसरा माणूस त्यांच्या शोधात असेल.