रंगाखालची ओल

आमच्या काशीदला भिंतीवर बुरशी दिसली की आधी रंगारी बोलावतात. माझं कळकळीचं सांगणं आहे, आधी पाणी कुठून मुरतंय ते शोधा.

३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात आमची कौलं उडाली. भिंती चिंब झाल्या, वीज गेली ती लवकर आलीच नाही आणि पाठोपाठ पावसाळा सुरू झाला. दिवाळीच्या तोंडावर भिंतींना पुट्टी आणि ऑइलपेंट लागला. वरून चकचकीत, आत ओल तशीच. ऑइलपेंट ती ओल बाहेर पडू देत नाही. पुढच्या पावसात रंगाला फुगे आले, पोपडे सुटले. आईच्या खोलीतलं कपाट पुढे ओढलं, तर मागे जमिनीपासून हातभर उंचीपर्यंत काळे-हिरवे डाग. कपाटाच्या पाठीवर बोट फिरवलं तर मखमलीसारखा थर, आणि कुबट वास. आईचा खोकला पावसाळाभर हटला नव्हता. अलिबागला मावशीकडे गेली की मात्र तिला शांत झोप लागायची. घर बदललं की खोकला थांबतो, ही खूण लक्षात ठेवा आणि डॉक्टरांनाही सांगा. दमेकऱ्याला किंवा तान्ह्या बाळाला अशा खोलीत झोपवू नका.

पांढरं दिसलं की ती बुरशीच असेल असं नाही. पाण्याचा थेंब टाकून बघा; विरघळलं तर तो लोणा, भिंतीतलं मीठ. ओल मात्र दोन्हीच्या मुळाशी असते.

बुरशी कोरडी झाडू नका, तिची भुकटी घरभर उडते. एन-९५ मास्क आणि हातमोजे घाला, साबणाच्या पाण्याने ओलं पुसा, मग जागा खडखडीत सुकवा. ब्लीच टाइलवर चालतं, गिलाव्यात खोल पोचत नाही. आणि संडास धुण्याच्या अ‍ॅसिडमध्ये ते चुकूनही मिसळू नका; विषारी क्लोरीन वायू सुटतो, बंद न्हाणीघरात जिवावर बेततं. भिजलेली गादी एक-दोन दिवसांत सुकली नाही तर तिचा मोह सोडा.

शेवटी आम्ही फुटकी कौलं बदलली, वळचण पुढे काढली, भिजका गिलावा खरवडला आणि भिंत उन्हाळाभर उघडी ठेवली. मग चुना दिला. चुना ओल अडवून धरत नाही, शिवाय त्याच्या क्षारामुळे बुरशी सहसा धरत नाही. पूर्वी पावसाआधी पश्चिमेच्या भिंतीला झावळ्यांचे झाप बांधत, कारण झड तिकडूनच येते. आम्ही ते पुन्हा सुरू केलंय.

मुंबईकरांची सुट्टीची घरं जूनमध्ये कुलूपबंद होतात, त्यांची काळजी जास्त वाटते. कपाटं भिंतीपासून वीतभर पुढे घ्या, त्यांची दारं किलकिली ठेवा, गाद्या उभ्या करा. किल्ली शेजारी देऊन ठेवा आणि चांगली उघडीप पडली की खिडक्या उघडून पंखे लावायला सांगा. पाऊस कोसळत असताना खिडक्या उघडल्या तर दमट हवाच आत येते.