‘उशिरा बोलेल’ ही समजूत आणि स्वमग्नता

स्वमग्नता, म्हणजेच ऑटिझम, ही मेंदूच्या जडणघडणीतील जन्मजात भिन्नता असून तिचे निदान रक्ताच्या तपासणीने होत नाही. मूल कसे पाहते, खेळते आणि माणसांशी कसे वागते, याच्या निरीक्षणावर ते अवलंबून असते, आणि हे निरीक्षण डॉक्टरांच्या कितीतरी आधी घरात होत असल्याने घरच्या समजुतींना येथे मोठे महत्त्व येते. महाराष्ट्रात मूल वेळेवर बोलले नाही की मीठ-मोहरीने दृष्ट काढतात, अंगारा लावतात. त्याने घराला धीर येत असेल तर डॉक्टरांनी कपाळाला आठ्या घालण्याचे कारण नाही. खरे नुकसान होते ते ‘मुलगे उशिराच बोलतात, याचा बापही तिसऱ्या वर्षी बोलला’ या वडीलधाऱ्यांच्या निर्वाळ्याने, कारण तो कोणालाच अंधश्रद्धा वाटत नाही आणि मेंदू सर्वाधिक घडणसुलभ असतानाची मोलाची वर्षे त्यात निघून जातात.

दुसरी समजूत आईला दोषी धरते. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ ब्रुनो बेटेलहाइम यांच्या 1967 च्या पुस्तकाने पाश्चात्त्य देशांतही आईच्या कोरडेपणाला कारण ठरवले होते. विज्ञानाने तो समज केव्हाच टाकून दिला, तरी आईने गरोदरपणी ग्रहण पाळले नाही, ती नोकरीला गेली, असे ठपके येथे आजही ठेवले जातात, आणि ते सर्वस्वी निराधार आहेत.

तिसऱ्या समजुतीमुळे नजर न देणारे मूल नुसते ‘लाजाळू’ ठरते, पण नजरेकडे बारकाईने पाहायला हवे. आजी चांदोमामा दाखवते तेव्हा सव्वा-दीड वर्षाचे मूल सहसा तिच्या बोटाच्या रोखाने वर पाहते आणि पुन्हा तिच्या चेहऱ्याकडे वळते. एकाच गोष्टीकडे दोघांनी मिळून पाहण्याच्या या क्षमतेला सामायिक लक्ष म्हणतात. ते पुन्हापुन्हा पाहूनही आढळत नसेल, हाक मारल्यावर मूल वळत नसेल, किंवा आलेले शब्द बोलेनासे झाले असेल, तर वाट न पाहता श्रवणतपासणी आणि बालरोगतज्ज्ञांकडून विकासतपासणी करून घ्यावी. अनेक जिल्हा रुग्णालयांत यासाठी शीघ्र हस्तक्षेप केंद्रे आहेत, आणि 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा स्पष्ट समावेश आहे. अंतिम निदानाची वाट पाहत वाचा-उपचार लांबणीवर टाकू नयेत. पहिल्या भेटीला आजी-आजोबांनाही आवर्जून सोबत न्यावे, कारण उपचार चालू ठेवायचे की नाही, हे अनेक घरांत त्यांच्याच शब्दावर ठरते.