भूल देण्यापूर्वी एवढे अवश्य सांगा

गेल्या महिन्यात एक शेतकरी मुलाला घेऊन दवाखान्यात आले. मुलाचे हर्नियाचे ऑपरेशन ठरले होते. बोलता बोलता ते म्हणाले, "डॉक्टरसाहेब, याच्या काकाचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं, तेव्हा तो तीन तास आपणहून श्वासच घेईना. मशीनवर ठेवला होता." भूलतज्ज्ञांना हे सांगितले का, असे मी विचारले. "जुनी गोष्ट ती, त्यात काय सांगायचं?"

सांगायलाच हवे! का, ते पाहू.

रुग्ण झोपला तरी त्याचे स्नायू पुरेसे सैल होत नाहीत. पोट उघडताना ते सैल लागतात. त्यासाठी वेगळे इंजेक्शन देतात. या औषधांचे मूळ क्युरारे, म्हणजे दक्षिण अमेरिकेतील आदिवासी शिकारीच्या बाणांना लावत ते विष. २३ जानेवारी १९४२ रोजी कॅनडात मॉन्ट्रियल येथे डॉ. हॅरोल्ड ग्रिफिथ व डॉ. एनिड जॉन्सन यांनी अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेत ते यशस्वीपणे वापरले आणि पुढे त्याचा प्रसार झाला.

मज्जातंतूकडून स्नायूला जाणारा निरोप ही औषधे अडवतात. हृदय चालू राहते, पण श्वासाचे स्नायू थांबतात. म्हणून औषध उतरेपर्यंत श्वासनलिकेत नळी घालून कृत्रिम श्वास देतात.

यांपैकी सक्सिनिलकोलीन हे औषध मिनिटभरात लागू पडते. रक्तातील एक एन्झाइम त्याचे विघटन करते आणि पाच-दहा मिनिटांत परिणाम ओसरतो. काही घराण्यांत हे एन्झाइम जन्मतःच सदोष असते. अशांचा श्वास कित्येक तास परतत नाही. एरवी काहीच त्रास नसल्याने हा दोष कळत नाही. आर्य वैश्य समाजात तो अधिक आढळला आहे. पण तो कोणाच्याही घरी असू शकतो. फवारणीच्या काही औषधांच्या विषबाधेनंतरही हे एन्झाइम काही आठवडे कमी राहते.

त्या मुलाच्या रक्ताची तपासणी करून घेतली. एन्झाइम फारच कमी निघाले. भूलतज्ज्ञांनी ते औषध टाळून दुसरे वापरले. मुलगा ऑपरेशननंतर वेळेवर श्वास घेऊ लागला.

तेव्हा वाचकहो, ऑपरेशनपूर्वी भूलतज्ज्ञांना आवर्जून सांगा: घरात कोणाला भुलीनंतर श्वास यायला वेळ लागला होता का, भुलीत कोणी दगावले होते का, अलीकडे फवारणीच्या औषधाची बाधा झाली होती का. आणि असा दोष निघालाच, तर चिठ्ठी लिहून घ्या, जपून ठेवा, सख्ख्या भावंडांचीही तपासणी करा.