रोगाने आलेली आणि लसीने आणलेली प्रतिकारशक्ती

गेल्या श्रावणात आमच्या शेजारच्या आजींनी एक प्रश्न टाकला, तोच या लेखाचे निमित्त. वहिनी नऊ महिन्यांच्या बाळाला गोवराची लस टोचून आणायला निघाल्या होत्या. आजी म्हणाल्या, "कशाला त्या लेकराला सुया टोचता? आमच्या वेळी गोवर यायचा. कडुलिंबाचा पाला उशाशी ठेवायचा, घरात फोडणी द्यायची नाही, आठ-दहा दिवसांत पोर उठून खेळायला लागायचं. आणि एकदा येऊन गेला की जन्मात पुन्हा नाही. तुमच्या लशीचं आहे का तसं?" वहिनी थबकल्या आणि माझ्याकडे पाहू लागल्या. मी कला शाखेचा विद्यार्थी. विज्ञान दहावीला सुटले ते सुटलेच. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. वाचून जे हाती लागले ते येथे मांडतो.

प्रथम हे मान्य केले पाहिजे की आजींचे म्हणणे निराधार नाही. त्याचा उत्तम पुरावा उत्तर अटलांटिक महासागरातील फेरो बेटांवर मिळाला. १७८१ साली तेथे गोवराची साथ आली होती. त्यानंतर तब्बल ६५ वर्षे तो रोग बेटांवर फिरकला नाही. १८४६ च्या मार्चअखेर कोपनहेगनहून आलेल्या एका सुतारासोबत तो परतला आणि सुमारे ७,८०० वस्तीपैकी ६,००० च्या वर माणसे आजारी पडली. डेन्मार्क सरकारने लुडविग पानुम नावाच्या तरुण डॉक्टराला पाहणीसाठी पाठविले. घरोघर चौकशी करताना त्याच्या ध्यानात आले की १७८१ मध्ये लहानपणी गोवर येऊन गेलेल्या वृद्धांपैकी कोणालाही तो पुन्हा झालेला नाही. असे ९८ वृद्ध त्याने स्वतः पाहिले. लहानपणचा एक आजार शरीराने ६५ वर्षे लक्षात ठेवला होता!

ही आठवण रक्तातील विशिष्ट पेशी ठेवतात. विषाणू प्रथम शिरतो तेव्हा त्याला ओळखून नेमकी प्रतिपिंडे तयार करायला शरीराला दिवस लागतात, आणि तेवढ्यात आजार उसळतो. पुढच्या खेपेला ओळख जुनी असते, म्हणून विषाणूला बस्तान बसवता येत नाही. लसही हीच ओळख करून देते. १९५४ साली अमेरिकेत एका शाळकरी मुलाच्या शरीरातून गोवराचा विषाणू वेगळा काढला गेला. तो प्रयोगशाळेत निरनिराळ्या पेशींत वारंवार वाढवून दुबळा केला आणि १९६३ मध्ये लस वापरात आली. त्या मुलाच्या आडनावावरून हे वाण 'एडमन्स्टन' म्हणून ओळखले जाते. आपल्या पुण्यात बनणारी गोवराची लसही याच कुळातली आहे. (येथे भाषेच्या विद्यार्थ्याला एक गंमत सांगावीशी वाटते. मराठीत रोगही 'देवी' आणि त्याची लसही 'देवी'. एक 'येत' आणि दुसरी 'काढत'. दोहोंचे नाते बोलीने केव्हाच ओळखले होते.)

मग फरक कोठे? टिकाऊपणात रोगाचे पारडे किंचित जड आहे, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. रोगातून उठलेल्यांची प्रतिपिंडे बहुधा अधिक असतात. लस घेऊन वाढलेल्या आईकडून बाळाला मिळणारे संरक्षणही थोडे लवकर ओसरते. आईची ही प्रतिपिंडे बाळाच्या रक्तात असतील तर लस नीट लागू पडत नाही, म्हणून आपल्याकडे नऊ महिने थांबतात. त्या वयात दिलेली मात्रा शंभरातील सुमारे ८५ बालकांना लागू पडते. दुसरी मात्रा 'जोर संपला' म्हणून देतात असा समज आहे, तो बरोबर नाही. पहिली ज्यांना लागू पडली नाही त्यांच्यासाठी ती मुख्यतः असते.

पण किमतीचा हिशेब मांडला की चित्र पालटते. मी आजींना सहज विचारले, "आजी, तुम्हाला मुलं किती?" म्हणाल्या, "सात झाली. पाच हाती लागली." दोन कशाने गेली, तर थोरला पटकीने आणि मधली गोवरातच. आजी हे लपवीत नव्हत्या. त्यांच्या हिशेबात ती मुलगी 'देवाने नेलेली' होती, गोवराच्या खाती ती कधी मांडलीच गेली नव्हती. पानुमलाही १८४६ मध्ये भेटले ते १७८१ मधून वाचलेलेच. दगावलेल्यांची प्रतिकारशक्ती कोण मोजणार?

आणि बरा झालेला तरी कोरा सुटतो काय? गोवराचा विषाणू नेमक्या स्मृती राखणाऱ्या पेशींवरच हल्ला करतो. २०१९ साली नेदरलँड्समधील लस न घेतलेल्या ७७ मुलांच्या, गोवरापूर्वीच्या व नंतरच्या रक्ताचा अभ्यास प्रसिद्ध झाला. इतर रोगांविरुद्धची त्यांची प्रतिपिंडे ११ ते ७३ टक्क्यांपर्यंत नष्ट झालेली आढळली. म्हणजे गोवर एक धडा शिकवतो आणि आधी गिरवलेले कित्येक पुसून टाकतो. लस टोचलेल्या मुलांत अशी पुसापुशी दिसली नाही. शिवाय क्वचित एखाद्या मुलाच्या मेंदूत विषाणू दडून राहतो आणि सात-दहा वर्षांनी प्राण घेतो.

धनुर्वाताचे तर आणखी वेगळे. त्याचे विष इतके जहाल की शरीराला ओळख पटेल एवढी मात्रा पोचण्याआधीच माणूस मरू शकतो. त्यातून वाचला तरी प्रतिकारशक्ती येत नाही, म्हणून उठलेल्या रोग्यालाही लस टोचावीच लागते. तेथे 'नैसर्गिक' प्रतिकारशक्ती हा शब्दच फसवा ठरतो.

हे सारे जुन्या काळचे असे कोणी म्हणू नये. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडी परिसरात गोवराची साथ पसरली आणि मुले दगावली. २०२३ साली जगात सुमारे १ लाख ७ हजार मृत्यू गोवराने झाले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यांत बहुतेक पाच वर्षांखालील मुलेच होती.

लस अगदी निरुपद्रवी, असेही नाही. काहींना आठवड्याभराने ताप येतो, बारीक पुरळ उठते. सुमारे तीन हजारांत एखाद्याला तापात झटका येतो. हे वहिनींना आधीच सांगितले, ते बरे झाले. नवव्या दिवशी बाळाला ताप आला तेव्हा त्या घाबरल्या नाहीत. आजी दोन दिवस उशाशी बसून होत्या. कडुलिंबाची डहाळी त्यांनी आणलीच होती, आणि ती कोणी काढली नाही.