शेतातील प्रयोगशाळा

कुंभकोणम्‌जवळील चोळपुरम् कावेरीच्या भातपट्ट्यात वसले आहे. १९३४ साली पूर्ण झालेल्या मेट्टूर धरणात पाणी कमी असले, की या पट्ट्यातील कुरुवै हंगाम धोक्यात येतो.

याच परिसरातील आडुतुरै येथे १९२२ पासून भातसंशोधन चालते. हे केंद्र आज तमिळनाडू कृषी विद्यापीठाचा भाग आहे. पाणीबचतीसाठी विद्यापीठाने मूळ मादागास्करमधील ‘श्री’ पद्धती अभ्यासली. तीत सुमारे चौदा दिवसांचे एकेकच रोप २५ सेंटिमीटर अंतरावर लावतात. शेतात पाणी सतत साठवून न ठेवता ते जिरल्यावर पुन्हा देतात. त्यामुळे मातीत हवा खेळते आणि मिथेन वायूही कमी निर्माण होतो.

अशी विरळ लावणी पाहून शेतकऱ्याला धास्ती वाटणे स्वाभाविकच होते. पीक बुडाले तर वर्षाचे अन्न जाणार! म्हणून २००३-०४ मध्ये शासकीय निधीतून कावेरी व ताम्रपर्णी खोऱ्यांतील शेतकऱ्यांच्याच शेतांत चाचण्या झाल्या. जुनी व नवी पद्धती शेजारी-शेजारी ठेवल्याने शेतकऱ्यांना स्वतः तुलना करता आली. मात्र या पद्धतीला सपाट जमीन, पाण्यावर नियंत्रण आणि कुशल मजूर लागतात, हेही त्यांना उमगले.

जनतेच्या पैशातून झालेले संशोधन जनतेने पारखून घेतले, तरच ते बांधापर्यंत पोहोचते.