रोम शहर आणि आपली भाकर



म्हसावदमध्ये बायकांच्या बचत गटाची बैठक भरते. कुणी पैसे मोजतं, कुणी वहीत लिहितं. या गटांच्या कामाचा दूरच्या एका शहराशी संबंध आला आहे. त्या शहराचं नाव रोम. ते कसं, हे आज पाहू.

रोम कुठं आहे? युरोप खंडात इटली नावाचा देश आहे. नकाशात तो बुटासारखा दिसतो. रोम ही त्याची राजधानी. टायबर नदी या शहरातून वाहते.

दोन हजार वर्षांपूर्वी रोमचं राज्य फार मोठं होतं. आपल्याकडचं सुती कापड नर्मदेच्या मुखाजवळच्या भडोच बंदरातून त्या बाजूला जाई. रोममध्ये लाखो माणसं राहत. एवढ्यांना पुरेल इतकं धान्य जवळपास पिकत नसे. मग जिंकलेल्या इजिप्त देशातून गलबतं भरून गहू येई. पिकवी एक आणि खाई दुसरा!

पुढं ते राज्य लयाला गेलं. पण शहराचं महत्त्व राहिलं. रोमच्या आतच व्हॅटिकन नावाचं एक स्वतंत्र राज्य आहे. ते १९२९ साली झालं. त्याची जमीन अवघी ४४ हेक्टर, म्हणजे साधारण ११० एकर. कॅथलिक ख्रिस्ती लोकांचे धर्मगुरू पोप तिथं राहतात. १९६० साली ऑलिंपिक सामने रोमलाच झाले. त्यात आपला मिल्खासिंग ४०० मीटर धावला आणि चौथा आला.

आता भाकरीची गोष्ट ऐका. १९४५ साली दुसरं महायुद्ध संपलं. जगात उपासमार होती. त्या वर्षी १६ ऑक्टोबरला अनेक देशांनी मिळून 'अन्न व कृषी संघटना' स्थापन केली. १९५१ साली तिची कचेरी रोमला आली. ती इमारत मुळात आफ्रिकेतल्या वसाहतींचा कारभार पाहण्यासाठी बांधायला घेतली होती. जिथून दुसऱ्यांवर राज्य करायचं, तिथं आता सर्वांच्या अन्नाचा विचार होतो.

१९५६ ते १९६७ या काळात या संघटनेचे प्रमुख आपल्या देशाचे बिनय रंजन सेन होते. १९४३ चा बंगालचा दुष्काळ त्यांनी जवळून पाहिला होता. १९६० साली त्यांच्या पुढाकारानं भुकेविरुद्ध जगभर मोहीम सुरू झाली.

२०२३ हे वर्ष भारताच्या सूचनेवरून जगभर भरडधान्यांचं वर्ष म्हणून पाळलं गेलं. त्याचा आरंभ रोमच्या याच कचेरीत झाला. भरडधान्य म्हणजे काय बरं? आपली ज्वारी, बाजरी, नाचणी, भगर!

रोममध्ये आणखी एक संस्था आहे. तिचं नाव 'आंतरराष्ट्रीय कृषी विकास निधी'. ती १९७७ साली उभी राहिली. खेड्यांतल्या गरीब लोकांच्या कामासाठी ती सरकारांना कर्ज देते. २००७ साली महाराष्ट्रात 'तेजस्विनी' कार्यक्रम सुरू झाला. त्याला या निधीचं साहाय्य होतं. महिला आर्थिक विकास महामंडळानं तो चालवला. बायकांचे बचत गट उभे राहिले. गटांची मिळून लोकसंचालित साधन केंद्रं झाली. नंदुरबार जिल्हाही त्यात होता. २०१८ साली तो कार्यक्रम संपला. गटांचं काम पुढं चालवणं आपल्या हाती आहे.

रोमला ठराव झाला म्हणून आपली चूल पेटत नाही. आजही जगात कोट्यवधी लोक अर्धपोटी आहेत. सातपुड्याच्या पाड्यांवरही कुपोषित मुलं आहेत. पैसा रोमहून निघो की मुंबईहून, तो कागदावर लिहिला जातो. करार, वही, पासबुक हे ते कागद. आपण न वाचता अंगठा उठवला, तर हिशेब दुसऱ्याच्या हाती राहतो. गटातल्या बाईला तो कागद वाचता आला, तर हिशेब गटाच्या हाती येतो. म्हणून अक्षर शिकायचं. भाकरीचा रस्ता अक्षरातूनही जातो.

सांगा व लिहा

१. जुन्या रोममध्ये गहू कुठून येई?
२. अन्न व कृषी संघटनेची कचेरी रोमला कधी आली?
३. आपल्या गटाचं पासबुक उघडा. शिल्लक किती आहे ते वाचा. कर्ज असेल तर व्याजाचा दर विचारा. दोन्ही आकडे वहीत लिहा.