टफनेस म्हणजे काय रे भाऊ?

मित्रांनो, दहावीपासून आपल्याला जो तो एकच सल्ला देतो, "टफ हो!" पेपर टफ, सर टफ, मग आपण का मागे राहायचं? पण टफ म्हणजे नेमकं काय, असं विचारलं की सगळ्यांची गाडी अडते.

भित्तीपत्रकासाठी या शब्दाचे अर्थ जमवायचं काम माझ्या गळ्यात पडलं, तेव्हा मी दोन केटी घेऊन सेकंड इयरला आलो होतो. घरी फोनवर "सगळं मस्त चाललंय" म्हणायचो. मेसला अगदी शेवटी जायचो, म्हणजे कुणी निकालाचं विचारायला नको. आणि मनात म्हणायचो, बघा, डोळ्यातून टिपूससुद्धा काढलं नाही. याला म्हणतात टफनेस!

आधी मराठी शब्द लिहून काढले. खंबीर म्हणजे संकटात न डगमगणारा. काटक म्हणजे अंगाने बारीक, पण कष्टाला न हटणारा. चिवट म्हणजे ताणला तरी न तुटणारा. आणि शेवटी कोडगा, म्हणजे काही लागतच नाही असा. इथे पेन थांबलं. मी स्वतःला खंबीर समजत होतो, पण वर्णन तर कोडग्याशी जुळत होतं!

मग मटेरियल्सची वही उघडली. आपल्या शास्त्रात हार्ड आणि टफ हे दोन वेगळे गुण आहेत. वर्कशॉपमधली कानस घ्या. ती इतकी कठीण, की दुसरं लोखंड घासून काढते. पण तीच कानस फरशीवर जोरात आपटली तर काडकन मोडू शकते. कठीण आहे, पण ठिसूळ! तुटण्यापूर्वी वस्तू किती ऊर्जा पोटात घेते, ते म्हणजे टफनेस. आयझॉड टेस्टमध्ये तो लंबकाचा हातोडा आपण याचसाठी सोडतो. आणि मार बसल्यावर, इलास्टिक लिमिटच्या आत राहून, घेतलेली ऊर्जा परत देत मूळ आकारात येणं म्हणजे रेझिलियन्स.

भित्तीपत्रकात एक परदेशी भाषाही हवी होती. मी लिथुआनियन निवडली, कारण युरोपातली ही भाषा जुन्या रूपांसाठी आणि संस्कृतशी असलेल्या साम्यासाठी प्रसिद्ध आहे. अग्नीला उग्निस, मुलाला सूनुस (आपला सूनु!). तिथे कठीणपणाला किएतुमास म्हणतात, दम धरण्याला इश्त्वेर्मे, आणि मनाच्या रेझिलियन्सला अत्स्परुमास. गंमत म्हणजे आपला 'स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स' हा विषय तिकडे 'मेद्झ्यागू अत्स्परुमास' या नावाने शिकवतात. म्हणजे माणसाला आणि बीमला एकच शब्द!

पण खरी गोष्ट पुढेच आहे. पोलाद तापवून एकदम थंड करणं, म्हणजे आपलं 'पाणी देणं', याला ते ग्रूदिनिमास म्हणतात. परिस्थितीने घडवलेल्या माणसालाही याच धातूवरून शब्द आहे. मात्र नुसतं पाणी दिलेलं पोलाद ठिसूळ असतं. म्हणून ते पुन्हा कमी तापमानाला तापवून टेंपर करावं लागतं. या टेंपरिंगला त्यांचा शब्द आहे अत्लेइदिमास, आणि त्याचा दुसरा अर्थ आहे क्षमा! हे वाचून मी वही मिटली.

त्याच रविवारी माझा नगरकडचा रूममेट मला हिवरे बाजारला घेऊन गेला. "अर्थ पुस्तकात काय शोधतोस, चल दाखवतो," म्हणाला.

हे गाव नगर तालुक्यातलं, पर्जन्यछायेतलं. पाऊस वर्षाला जेमतेम 400 मिमीच्या आसपास. 1972 च्या दुष्काळानंतर गावाची घडी विस्कटली. डोंगर उघडे पडले, दारू वाढली, माणसं पोटासाठी बाहेर गेली. 1989 मध्ये एम.कॉम. झालेले पोपटराव पवार सरपंच झाले. (त्यांना 2020 मध्ये पद्मश्री जाहीर झाली.) गावाने कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी आणि श्रमदान ही पंचसूत्री स्वीकारली. डोंगरावर सलग समतल चर खोदले, बांध घातले, झाडं लावली. 1994 मध्ये गाव आदर्श गाव योजनेत आलं. हे झालं गावाला 'पाणी देणं', दोन्ही अर्थांनी!

पण मला भिडला तो पाण्याचा ताळेबंद. पाऊस मोजायचा, पाणी किती मुरलं याचा हिशेब मांडायचा आणि तो गावासमोर ठेवायचा. आधी माणसांचं पिणं, मग जनावरं, उरलं तर शेती. पाऊस कमी झाला की पिकांचं नियोजन बदलायचं. उसासारख्या तहानलेल्या पिकाला आणि शेतीसाठी बोअर घ्यायला मनाई. म्हणजे गावाला आपली इलास्टिक लिमिट ठाऊक आहे! कमी पाण्याच्या वर्षी ते वाकतं, पण मोडत नाही. आणि वाकायची लाज वाटून तूट लपवत नाही. लपवली असती तर विहिरींनी ती उघड केलीच असती.

परतताना एसटीत मी गप्प होतो. माझा ताळेबंद मी कुणापुढे मांडला होता?

रात्री घरी फोन लावला. "बाबा, दोन विषय राहिलेत. चार महिने सांगितलं नाही." पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, "जेवलास का?" इतकंच. त्या दिवशी मात्र डोळ्यातून टिपूस आलं, आणि मला अत्लेइदिमासचा दुसरा अर्थ डिक्शनरीशिवाय कळला.

दोनपैकी एक विषय पुढच्या खेपेला सुटला. दुसऱ्यासाठी शेजारच्या रूममधल्या मित्राकडे रोज तासभर बसतो, आणि मेसला वेळेवर जातो. मित्रांनो, तुमच्या विंगमध्ये कुणी फारच 'टफ' दिसत असेल, कशाचंच काही वाटत नाही म्हणत असेल, तर त्याला शाबासकी देण्याआधी एकदा विचारा, "जेवलास का रे?"